कोयनेच्या खोऱ्यातले जंगल आणि त्याखालची गावे

(आपल्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि "जंगलातल्या गमतीजमती सांग, वाघाचं सांग" असे बजावले आहे. पुरणपोळीनंतरचे हे सत्र, त्यामुळे कोणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही. आठवीच्या वर्गात शेवटच्या तासाला मीही तेच करत असे, सरांना ठाऊक आहे.

वाघाचे आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षे वनखात्यात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त याच खोऱ्यात. वाघ मी प्रत्यक्ष एकदाही पाहिला नाही. पंजाचे ठसे पाहिले, विष्ठा पाहिली, झाडावरचे ओरखडे पाहिले. २०१८ च्या मे महिन्यात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्याने वाघ टिपला, तेव्हा मला निवृत्त होऊन वर्ष झाले होते. तेव्हा वाघाची गोष्ट इथेच संपली. आता खोऱ्याची सांगतो, कारण ती सांगायचे माझ्यावर जुने देणे आहे आणि ज्याचे देणे आहे तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

सरांनी सहावीत फळ्यावर काढलेला कोयनेचा नकाशा मला अजून दिसतो. महाबळेश्वरला उगम, तिथून सह्याद्रीच्या कण्याला खेटून साठेक किलोमीटर सरळ दक्षिणेला, मग हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेकडे वळण, पाटणवरून कराडला, आणि तिथे कृष्णेशी समोरासमोर गाठ. सरांनी विचारले होते, "पश्चिमेला समुद्र हाकेवर असताना ही नदी पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे का जाते?" कोणालाच उत्तर आले नव्हते. मला ते नोकरीत लागल्यावर हळूहळू कळले. आपले डोंगर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहिलेले लाव्हाचे थर. पश्चिमेची कडा तुटून कोकणात उतरली आणि माथ्यामागचा उतार पूर्वेला राहिला. पाणी बिचारे उताराने जाते.

पण माणसाने ते पश्चिमेला वळवलेच. देशमुखवाडीला धरण झाले, १०३ मीटर उंच, आणि मागे पन्नासेक किलोमीटर लांबीचा शिवसागर पसरला, १०५ टीएमसीचा. त्यातले बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून साडेचारशे मीटरहून खाली पोफळीकडे सोडतात, वीज घेतात, आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे सरांच्या प्रश्नाला अभियंत्यांनी आपल्या पद्धतीने उत्तर दिले.

त्या उत्तराची किंमत कोणी दिली हे या सभागृहात सांगायला नको. १९६१-६२ पासून पाणी चढू लागले तसे खोऱ्याच्या तळातली शंभराच्या आसपास गावे उठली. कोणी सोलापूर जिल्ह्यात, कोणी सांगलीकडे, कोणी रायगड-ठाण्यात. भाताच्या खाचरात वाढलेल्या माणसाला काळ्या कोरड्या रानात नेऊन ठेवले. पुष्कळजण तिकडे रमले नाहीत. काहीजण मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडीत गेले. आणि काहीजण कुठेच गेले नाहीत, पाणी चढेल तसे आपले घरदार घेऊन डोंगर चढत राहिले आणि पाण्याच्या वर पुन्हा वाडी बसवली.

मग १९६७. डिसेंबरची ११ तारीख, पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. आपण आठ वर्षांचे. माझ्या आईने मला पाळण्यातल्या बहिणीसकट ओढून अंगणात फेकले होते, तो खरचटल्याचा वण अजून कोपरावर आहे. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, कोयनानगर भुईसपाट झाले. धरणाला भेगा गेल्या, ते पुढे टेकू देऊन भक्कम केले. धरणात पाणी साठल्याने भूकंप होतात का, हा प्रश्न जगातल्या शास्त्रज्ञांनी आपल्या खोऱ्यात बसून अभ्यासला, अजून अभ्यासतात. गोठण्याजवळ तर त्यांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडले. वर किलोमीटरहून जाड काळा बेसाल्ट आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट. आपल्याला मात्र त्यानंतर कित्येक महिने पत्र्याखाली भरलेली शाळा आठवते. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की बाई नुसते ओठ हलवायच्या आणि आपण अंदाजाने पाढे म्हणायचो.

पाचवीत वसतिगृहात नवी पोरे आली, त्यात एक काळासावळा, किडकिडीत मुलगा होता. तो धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या वाडीतून यायचा. आधी पायी, मग लाँचने, मग एसटीने. आपण त्याचे नाव लाँचवाला ठेवले. दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना तो पिशवीभर सुकी करवंदे आणि मधाची बाटली आणायचा, आणि ती बाटली वसतिगृहात किती तास टिकायची हे इथल्या सात-आठ जणांना माहीत आहे. दहावीची पहिलीच तुकडी आपली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची परीक्षा होती, त्यामुळे गावात कोणाला आपण नक्की किती शिकलो ते कळत नव्हते. निकालानंतर तो मुंबईला गेला. मी १९८१ साली वनरक्षक म्हणून लागलो.

चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, कोयना अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ४२३ चौरस किलोमीटर, जलाशयाच्या पश्चिमेचा सगळा उतार, वासोट्यापासून खाली कुंभार्ली घाटाच्या अंगापर्यंत. पुढे दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर कोयनेचेही नाव लागले. मी त्या हद्दीचे दगड खांद्यावर वाहिलेले आहेत, म्हणून मला त्याचे अप्रूप आहे.

जंगल कसे आहे म्हणाल तर, पावसाने केलेले आहे. कोयनानगर आणि नवजाला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस नेहमीचा, आणि पन्नासेक किलोमीटरवर कराडला सातशेच्या आसपास. या फरकात सगळे आले. माथ्यावर जांभ्याचे सडे, त्यावर पावसाळ्यानंतर पंधरा दिवसांची फुले. उतारावर अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांचे सदाहरित रान, इतके दाट की दुपारी बाराला विजेरी लागते. खाली ऐन, किंजळ. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग सगळा डोंगर जांभळा होतो, मधमाश्या वेड्या होतात. शेकरू या झाडावरून त्या झाडावर वीस फूट उडी मारते आणि खाली बसलेल्या साहेबाच्या टोपीवर अर्धवट खाल्लेले फळ टाकते, हे मी दोनदा पाहिले आहे, दोन्ही वेळा साहेब वेगळे होते. पिसोरी हरीण सशाएवढे, दिसले तर नशीब. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्र्यांची टोळी. धनेशाच्या पंखांचा आवाज लांबून आगगाडी आल्यासारखा येतो.

हे जंगल माणसावाचून कधीच नव्हते, हे मात्र मला उशिरा उमगले. चिपळूणकडचा माल कुंभार्ली घाटाने कराडला जात होता, तेव्हा खोऱ्यात पाळती, चौक्या, गावे होतीच. हे सगळे जावळीचे रान. १६५६ मध्ये महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली ती या दाट झाडीसकट. वासोट्याला व्याघ्रगड म्हणत, ते उगाच नसावे. पेशवाईच्या अखेरीला याच गडावर ताई तेलिणीने बापू गोखल्यांना कित्येक महिने दाद दिली नव्हती. १८१८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसे आणि दोन कैदी इंग्रज अधिकारी तिथे ठेवले होते. इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या तेव्हा गड पडला. ट्रेकला येणारी मुले हे सगळे पाठ म्हणून दाखवतात. पण गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीत उतरल्यावर चौथरे, जोती, पडके देऊळ ओलांडून पुढे जातात, आणि त्यांना वाटते तेही शिवकालीनच. ते आपल्या लहानपणापर्यंत जिवंत गाव होते.

गाव जंगलात गेले की काय होते, ते सांगतो. दहा वर्षांत छपरे बसतात, पंधरा वर्षांत भिंतीतून उंबर निघतो. भाताची खाचरे पडीक होतात आणि त्यांत गवत माजते. त्या गवतावर गवे आणि सांबरे येतात, कारण दाट अंजनीच्या रानात त्यांना खायला फारसे नसते. म्हणजे ज्या कुरणांवर आपण गव्यांचे कळप पाहून आनंदतो, ती कोणाच्या तरी आजोबांनी बांध घालून सपाट केलेली जमीन आहे. तिथे शेणखत पडलेले आहे, म्हणून तिथले गवत गोड. आणि ती कुरणे राखली नाहीत तर झुडपे शिरतात, गवत संपते. आमच्या खात्याला हे पुढे उमजले आणि कुरणे साफ करायचे काम सुरू झाले. पूर्वी ते काम म्हशी करत होत्या. अस्वल फणसाच्या दिवसांत हमखास कुठे सापडते? जुन्या गावठाणात. फणस काय जंगलाने लावला?

देवराया तर सगळ्यांना ठाऊक आहेत. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून लिहिले, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. त्याआधी गावच्या बाईला विचारले असते तरी तिने सांगितले असते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मुंबईकर मित्र म्हणतील निवृत्त झाल्यावर याला गावाचा पुळका आला. त्या गावांनी झाडे तोडली. राबासाठी डहाळ्या छाटून छाटून झाडांचे खुंट केले, नाचणी-वरीसाठी उतार जाळले. कोळशाच्या भट्ट्या लावणारे ठेकेदार बाहेरचे, पण कुऱ्हाड धरणारे हात गावचेच, कारण पोट होते. मी लागलो तेव्हा जे उतार बोडके पाहिले, ते आज डोळ्यांना दिसत नाहीत इतके भरले आहेत. अभयारण्य झाले हे चांगले झाले, असेच माझे मत आहे. बदलणार नाही.

आता देण्याकडे येतो.

चौऱ्याण्णव साल असेल. बुद्धपौर्णिमेची प्रगणना. तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मे महिन्यात पाणवठे आटलेले असतात, चांदणे असते, तेव्हा प्रत्येक पाणवठ्याजवळ मचाण बांधून रात्रभर बसायचे आणि येईल ते जनावर मोजायचे. मी वनपाल होतो. मला मिळालेला पाणवठा पश्चिमेच्या उतारावर एका झऱ्याच्या तोंडाशी होता. छोटे कुंड, शेवाळलेल्या दगडांचे, पाणी मे महिन्यातही गुडघाभर. रात्री सात गवे आले, सांबरे आली, पहाटे अस्वल पिल्लू घेऊन आले. इतकी चांगली रात्र मला पुन्हा मिळाली नाही. सकाळी तक्ता भरला. त्यात एक रकाना होता, पाणवठ्याचा प्रकार, नैसर्गिक की कृत्रिम. मी "नैसर्गिक" लिहिले. पुढचा रकाना, आसपास मानवी वस्तीच्या खुणा. मी "नाहीत" लिहिले. दगड पायरीसारखे रचलेले दिसत होते, नाही असे नाही. पण बेसाल्ट तसाही पायऱ्या-पायऱ्यांनी फुटतो. मला झोप आली होती आणि मी खोलात गेलो नाही.

चार वर्षांनी मी नाक्यावर असताना एक लाँच लागली. तिच्यातून एक माणूस आणि काठी टेकत त्याची म्हातारी आई उतरली. पिशवीत नारळ, हार, गुळाची ढेप. मी खाकीत, मान वर न करता विचारले, "आत कशाला जायचंय?"

तो म्हणाला, "घरी."

मान वर केली तर लाँचवाला. तेवीस वर्षांनी. आम्ही एकमेकांना मिठी मारली की नाही ते आठवत नाही, पण मी परवानगीचा कागद मागितला होता हे चांगले आठवते. त्याच्याकडे कागद होता. वर्षातून एकदा ग्रामदेवतेला नारळ द्यायला यायची रीत त्याच्या आईने मोडली नव्हती. मी त्यांच्याबरोबर गेलो. नियमही तोच होता, सोबत कोणीतरी लागते.

म्हातारीच पुढे चालत होती. वाट बुजली होती, तिला गरज नव्हती. झाडाला हात लावायची आणि सांगायची. "ह्यो माझ्या थोरल्या जावंचा फणस, कापा हाय. त्यो पल्याडला बरका. ह्या आंब्याखाली तुझ्या चुलत्याचं लगीन लागलं." मी सतरा वर्षे त्या रानात फिरत होतो आणि मला त्या झाडांची शास्त्रीय नावे येत होती. मग ती वळली आणि मी ओळखले, मचाणाची जागा. कुंडापाशी वाकून तिने ओंजळीने पाणी प्यायले, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या मामंजींनी आन् त्येंच्या भावांनी बांधलं. खालचा झरा धरणात बुडणार व्हता, म्हनून. तीन दीस दगुड वाहिलं समद्यांनी. म्या प्वाटुशी होते तरी वाहिलं." मुलाकडे बोट करून म्हणाली, "ह्यो प्वाटात."

त्या रात्री मी चौकीवर येऊन जुना तक्ता काढला. "नैसर्गिक." "नाहीत." माझ्याच अक्षरात. पेन खिशात होते. दुरुस्ती करून तारीख आणि सही घातली असती तर कोणी काही म्हटले नसते, फार तर एखाद्याने कारण विचारले असते. मी तक्ता परत ठेवला. पुढच्या प्रगणनेला दुसरा माणूस गेला, त्याने आधीचा तक्ता समोर ठेवून तेच लिहिले. त्याच्या पुढच्यानेही. २०१७ मध्ये मी निवृत्त झालो तोपर्यंत तो पाणवठा नैसर्गिक होता आणि तिथे कधी वस्ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलास. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. पण विचार करा, ते घर पहिल्यांदा धरणाने उठवले. दुसऱ्यांदा अभयारण्याने. तेव्हा निदान कागदावर त्यांचे नाव लागले, खातेदार म्हणून, विस्थापित म्हणून. तिसऱ्यांदा एका रकान्याने उठवले आणि तो रकाना त्यांच्याच पोराच्या बाकावर बसणाऱ्याने भरला होता. त्याची आई तीन वर्षांपूर्वी नवी मुंबईत वारली. मी भेटायला गेलो होतो. तिथेही बोललो नाही. परवा या मेळाव्याच्या निमित्ताने फोन झाला तेव्हा सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला कळलं असतं तर हसली असती. पण ते बदल." तेवढेच.

बदल म्हटले तरी आता माझ्या हातात पेन नाही. म्हणून मी दुसरे काम धरले आहे. गेल्या दिवाळीपासून त्या उतारावरच्या वाड्यांची माणसे जिथे जिथे आहेत तिथे जाऊन विचारतो आहे. कोणत्या झऱ्याला काय म्हणायचे, कोणते झाड कोणाचे, देवळाची जागा कुठली, शेताच्या तुकड्याचे नाव काय. एका वहीत नकाशा काढतो. सर, तुम्ही शिकवलेलाच, उत्तर वर धरून. आतापर्यंत साठेक नावे झाली. एका उताराला तर "म्हातारीचा दम" असे नाव निघाले. आमच्या नकाशावर त्याला कक्ष क्रमांक होता. पण सांगणारे सत्तरी-ऐंशीचे आहेत. यंदा दोघे गेले, त्यातल्या एकाकडे मी जायचा राहिलो होतो. वही पुरी झाली की तिची एक प्रत, त्या कुंडाची दुरुस्ती अर्जासोबत जोडून, रीतसर दाखल करणार आहे. आत काम करणारी आताची पोरे चांगली आहेत, घेतील असे वाटते. नाही घेतली तर पुन्हा देईन.

आपल्या बॅचमध्ये खोऱ्यातले म्हणून आठ-नऊ जण होते. कोणाचे वडील, काका, आत्या हयात असतील, त्यांनी माझा नंबर घ्या. जाताना चहाच्या टेबलाशी वही ठेवली आहे, तीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावे आणि पत्ते लिहून जा. मुंबईकरांनी घणसोली, कोपरखैरणे, डोंबिवलीचे पत्ते नक्की लिहावेत, तिकडे माझे तीन दिवसांचे जाणे होणार आहे.

आणखी एक. मे महिन्यात पाणी उतरले की शिवसागराच्या काठाला जुन्या गावांची जोती आणि देवळांचे दगड उघडे पडतात. त्या सुमारास आत जायची परवानगी मागितली आहे, बारा माणसांची. मी आणि लाँचवाला धरून दोन जागा गेल्या. दहा उरल्या. चढ आहे, गुडघे बदललेल्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. नारळ तो आणणार आहे. गूळ मी आणतो.